पाने उडाली, पण धूळ कुठे गेली? : घरगुती ब्लोअरचे फायदे आणि तोटे

फाल्गुन लागला की आमच्या खारबावच्या वस्तीतल्या विहारासमोरचा पिंपळ झडू लागतो. रोज सकाळी अंगण पिवळ्या-तपकिरी पानांनी भरलेले असते. त्यात १४ एप्रिल जवळ आलेली असते. रंगकाम, पताका, मंडप या सगळ्याच्या आधी साफसफाई करावी लागते. आजवर हे काम खराट्यानेच होत आले. महिला मंडळाच्या ताया पाळीपाळीने यायच्या, पाणी शिंपडायच्या आणि अंगण झाडून काढायच्या.

गेल्या वर्षी गोदामात कामाला असलेल्या आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने स्वतःच्या पगारातून एक छोटा विजेवरचा ब्लोअर आणला. "आमच्या गोदामात रोज हाच वापरतात. तायांची कंबर तरी वाचेल," असे तो म्हणाला. हेतू चांगला होता. वायर लावली, बटण दाबले आणि अर्ध्या तासाचे काम सात-आठ मिनिटांत झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही खूश झालो.

थोड्या वेळाने विहाराच्या मागच्या घरातल्या आजी बाहेर आल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, पण त्यांनी एकच गोष्ट विचारली. "बाळा, तुझं अंगण झालं साफ. पण ती धूळ गेली कुठं, ते बघ की जरा." आम्ही आत जाऊन पाहिले. चुलीजवळची भांडी, अंथरूण, पाण्याच्या हंड्यावरचे झाकण, सगळ्यावर बारीक पिवळसर थर बसला होता. आजींच्या नातवाला दम्याचा त्रास आहे. त्या रात्री त्याला दोनदा पंप घ्यावा लागला. तो त्रास त्या धुळीमुळेच झाला असे आम्ही ठामपणे म्हणणार नाही. पण आजींचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर त्याच प्रश्नाचे उत्तर शोधायचे ठरवले.

हे यंत्र नेमके करते काय?

ब्लोअर म्हणजे आत जोरात फिरणारा पंखा आणि पुढे निमुळती नळी. हवा एका बाजूने आत ओढायची आणि दुसऱ्या बाजूने झोतासारखी बाहेर सोडायची, एवढेच त्याचे काम. बाजारात त्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला वायरचा, साधारण ५०० ते ७०० वॉटचा. मोबाइल-संगणक दुरुस्तीच्या दुकानात, गॅरेजमध्ये दिसतो तो हाच. दुसरा बॅटरीवर चालणारा. तिसरा पेट्रोलचा, पाठीवर किंवा खांद्याला अडकवायचा. तो मोठ्या बागा, गृहसंकुले आणि रस्त्यांच्या कामाला वापरतात.

विजेच्या खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. ६०० वॉटचा ब्लोअर दहा मिनिटे चालवला तर एका युनिटचा दहावा भाग वीज लागते. खरा हिशेब विजेचा नसून हवेचा आहे. झोताचा वेग इतका असतो की पानाबरोबर पानाखालची मातीही उठते. पान जड असते, ते चार-पाच हातांवर जाऊन पडते. बारीक धूळ मात्र हलकी असते. ती हवेत तरंगत राहते आणि वारा नेईल तिकडे जाते. ब्लोअर कचरा उचलत नाही, त्याची फक्त जागा बदलतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

फायदे आहेत, ते नाकारू नयेत

वाकून झाडणे हे कष्टाचे काम आहे. आखूड खराटा घेऊन रोज अर्धा तास वाकल्याने कंबर, मान आणि गुडघे दुखतात. साठी ओलांडलेल्या बाईला किंवा पाठीचे ऑपरेशन झालेल्या माणसाला उभ्याने काम करता येणे ही मोठी सोय आहे.

दुसरा फायदा आमच्यासारख्या गावाला जास्त कळतो. खारबाव वसई–दिवा रेल्वेमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड या स्थानकांच्या मध्ये आहे. आसपास भातशेती आहे, बांध आहेत, गवत आहे. पानांच्या ढिगात विंचू, फुरसे, घोणस दडून बसू शकते. अशा कोपऱ्यात हात घालण्यापेक्षा लांबून पाने हलवणे बरे.

तिसरा फायदा, जिथे खराटा पोहोचत नाही तिथली पाने काढता येतात. पन्हळीत आणि कुंपणाच्या जाळीत पाने अडकून राहिली तर पावसाळ्यात तिथे पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच थोड्याशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मे महिन्यात पन्हळ साफ झाली तर जुलैमधला ताप टळू शकतो.

पण धूळ कोणाच्या छातीत जाते?

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकते. न दिसणारी धूळ जास्त घातक. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनलिकेत उतरतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशाने २००९ मध्ये या कणांची मर्यादा ठरवली. एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने १० मायक्रॉनपर्यंतचे कण १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा तर आणखी कडक आहे, अनुक्रमे ४५ आणि १५.

आमच्या अंगणातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. चिंचोटी–कामण–अंजूरफाटा रस्त्यावरून ट्रक आणि कंटेनर सारखे धावतात. त्यांच्या टायरची झीज, डिझेलची काजळी, रस्त्याची खडी हे सगळे उडून घराघरात येते. तालुक्यात वीटभट्ट्या आहेत, त्यांची राख आहे. पानांखाली बुरशीचे बी असते, उंदीर-मांजरांची वाळलेली घाण असते. हा सगळा थर जमिनीवर बसलेला असतो तोवर त्याचा त्रास कमी असतो. ब्लोअर लावला की तो पुन्हा नाकाच्या उंचीवर येतो.

वस्तीत हा प्रश्न आणखी वाढतो. बंगल्याच्या आवारात ब्लोअर लावला तर शेजारचे घर पंचवीस-तीस हात लांब असते. आपल्याकडे भिंतीला भिंत आणि दाराला दार. माझ्या अंगणाची हद्द संपते तिथे तुमचा उंबरठा सुरू होतो. लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त वेळा श्वास घेतात, आणि त्यांचे नाक जमिनीच्या जवळ असते. दमा असलेली मुले, क्षयातून बरे झालेली माणसे, गरोदर बाया, हृदयरोगी यांना हा त्रास लवकर होतो. तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधून बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो, आणि तो यंत्र चालवणाऱ्याने घातला तरी शेजारच्या पाळण्यातल्या बाळाला त्याचा उपयोग नाही.

कानाचाही विचार करा

दोन माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. ब्लोअर चालवणाऱ्याच्या कानाजवळ आवाज बहुधा ८५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था सांगते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि ९७ ला फक्त अर्धा तास. घरात दहा मिनिटे चालवणाऱ्याला लगेच बहिरेपण येणार नाही. पण यंत्रमागाच्या खटखटाटात आठ-दहा तास उभे राहून आलेल्या कानांवर हा आवाज जादाचा आहे, हे विसरू नका.

आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रात्रपाळी करून आलेला माणूस मात्र सकाळी आठला झोपलेला असतो. त्याच्यासाठी कायद्यात वेगळी वेळ नाही, ती आपण शेजारधर्म म्हणून पाळायची आहे.

सिमेंटच्या पत्र्यावर ब्लोअर कधीच नको

हा मुद्दा वेगळा लिहितो, कारण तो वस्तीतल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्यातल्या अनेक घरांवर करड्या रंगाचे नागमोडी सिमेंटचे पत्रे आहेत. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचे खनिज तंतू असतात. पत्रा नवा आणि अखंड असेल तर ते सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन पत्रा झिजला, तडकला की तंतू मोकळे होतात. हे तंतू श्वासातून आत गेले तर फुफ्फुसाचा कर्करोग आणि इतर गंभीर आजार होऊ शकतात, तेही वीस-तीस वर्षांनी.

म्हणून अशा पत्र्यावर पाने साचली असतील तर ब्लोअर लावू नका, कोरडा झाडूही मारू नका, घासू नका. आधी पाणी हळू मारून पत्रा ओला करा आणि ओली पाने लांब काठीच्या फावडीने ओढा. पत्र्यावर पाय देऊन चढू नका, जुना पत्रा फुटून माणसे खाली पडतात.

गोदामात आणि कारखान्यात रोजचे काम असेल तर

भिवंडीत आपली कितीतरी मुले गोदामांत आहेत, यंत्रमागांवर आहेत. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली या पट्ट्यात गोदामांची रांगच आहे. तिथे फरशी, रॅक, खोके हवेच्या झोताने साफ करतात. यंत्रमागावर साचलेली रुईही झोताने उडवतात. घरी दहा मिनिटांचे जे काम, ते इथे बंद जागेत रोज तासभर होते.

कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार कायद्याने व्यवसायजन्य आजार मानलेला आहे. त्याची एक खूण लक्षात ठेवा. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि खोकला येतो. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीसाठी केलेल्या नियमात, दुसरा मार्ग शक्य असेल तिथे दाबाच्या हवेने यंत्रे झाडायला मनाई केली आहे. तिथे धूळ ओढून घेणारी यंत्रे वापरायची असतात. आपल्या भावांनीही मालकाकडे, मुकादमाकडे हीच मागणी करावी. एन-९५ मास्क आणि कानात घालायचे बोळे मागणे हे नखरे नव्हेत. आपल्या वाडवडिलांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडू दिला गेला. आता झाडूच्या जागी यंत्र आले, पण ते धरणारा हात आणि धूळ खाणारी छाती आपल्याच पोराची असेल, तर बदल अर्धाच झाला.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर "धुळीचा असेल" म्हणून सोडून देऊ नका. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. ती करून घ्या.

बाहेरच्या जगाने काय केले?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्मेल या गावाने १९७५ मध्येच ब्लोअरवर बंदी घातली. वॉशिंग्टन शहरात १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरला बंदी आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून अशी नवी छोटी पेट्रोल इंजिने बनवून विकणे थांबवायचे ठरवले. तिथल्या हवा मंडळाचा हिशेब असा की व्यावसायिक पेट्रोल ब्लोअर एक तास चालवला तर धुरके वाढवणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे एका नव्या मोटारीने सुमारे १,७७० किलोमीटर जाऊन होते.

त्यांचा मोठा आक्षेप धुरावर आणि आवाजावर आहे. धूर टाळायला ते विजेच्या ब्लोअरकडे वळतात. त्यांच्या अंगणात बहुतेक हिरवळ असते, आपल्याकडे उघडी माती. म्हणून विजेचा ब्लोअर घेतला की प्रश्न सुटला, हे त्यांचे उत्तर आपल्याला पुरत नाही. धूर गेला तरी धूळ राहतेच. पेट्रोलचा ब्लोअर तर वस्तीत आणूच नये.

गोळा झालेल्या पानांचे काय?

ब्लोअरने असो की खराट्याने, पानांचा ढीग होतो आणि कोणीतरी काडी लावते. आपल्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे पाने जाळणे कोणाला वावगे वाटत नाही. पण वस्तीत ढीग धुमसत राहिला तर त्याचा धूर धुळीपेक्षा वाईट. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या असल्या तर विचारायलाच नको. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला मनाई केली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला.

त्यापेक्षा खड्डा करा. तीन हात लांब, तीन हात रुंद, दोन हात खोल. पानांचा एक थर, त्यावर भाजीपाल्याच्या देठांचा थर, थोडी माती आणि शेणकाला. ओलावा टिकवा, पंधरा दिवसांनी खालवर करा. पिंपळाचे पान चिवट असते, म्हणून ते आधी पायाने चुरगळून टाका. चार-सहा महिन्यांत खत तयार होते.

आम्ही विहारात काय ठरवले

रविवारच्या वंदनेनंतर बसलो. ब्लोअर आणणारा तरुण होता, आजी होत्या, महिला मंडळही होते. यंत्र फेकून द्यायचे नाही आणि डोळे झाकून वापरायचेही नाही, यावर सगळ्यांचे एकमत झाले. नियम असे ठरले :

१. मातीच्या अंगणात ब्लोअर लावायचा नाही. आधी पाण्याचा सडा, दहा मिनिटे मुरू द्यायचे, मग खराटा. पाणी कमी असेल तर तांदूळ-भाजी धुतलेले पाणी शिंपडायचे.

२. फरसबंदी, पायऱ्या, पन्हळ आणि कुंपणाची जाळी इथेच ब्लोअर, तोही सर्वांत कमी वेगावर. आधी जागा थोडी ओली करायची. यंत्र आणि वायर मात्र कोरडीच राहिली पाहिजे. हात ओले असताना बटणाला हात नाही, तुटकी वायर नाही.

३. झोताचे तोंड कोणाच्या दाराकडे, खिडकीकडे, चुलीकडे किंवा पाण्याच्या भांड्यांकडे करायचे नाही. वारा सुटला असेल तर त्या दिवशी खराटाच.

४. सुरू करण्याआधी शेजारच्या घरांना सांगायचे, म्हणजे ते दारे लावून घेतील. मुले, आजारी आणि गरोदर बाया आत. सकाळी नऊच्या आधी नाही, आणि एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

५. चालवणाऱ्याने डोळ्यांना चष्मा, नाकाला एन-९५ मास्क, कानात बोळे घालायचे. मुलांच्या हाती यंत्र द्यायचे नाही.

६. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही नाही.

७. तायांच्या कंबरेसाठी खराट्यांना लांब बांबूचे दांडे बसवायचे. आणि झाडण्याची पाळी आता पुरुषांचीही.

शेवटचा नियम आजींनीच सुचवला. तरुणाने लगेच पहिली पाळी आपल्या नावावर लिहून घेतली. दांड्यांना खर्च किती आला? जवळजवळ काहीच नाही. बांबू गावातच मिळाले.

वाचक बंधू-भगिनींनो, घरी ब्लोअर घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी आपल्या अंगणात उभे राहा. खाली फरशी आहे की माती, वारा कुठून येतो आणि पलीकडच्या घरात कोण राहते, ते पाहा. फरशी असेल, जागा मोकळी असेल, तुमची पाठ खरेच दुखत असेल तर घ्या आणि जपून वापरा. माती असेल आणि भिंतीला भिंत असेल तर तेवढ्या पैशात लांब दांड्याचा खराटा, एक झारी आणि चांगले मास्क येतील, वर पैसे उरतील.

आमचा पिंपळ यंदाही झडतो आहे. सकाळी सडा पडतो, मग लांब खराट्यांचा आवाज येतो. आजींचे दार उघडे असते आणि नातू उंबरठ्यावर बसून पाने मोजत असतो.

जय भीम.